ड्रोन हेड ऑफिसला आहे

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि स्टुडिओ यांच्या मध्ये एक काळा पडदा होता, बाकी काही नाही. चिखलीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढच्या खोलीत बाबांचा फोटो स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. आईनं तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या की पुढे स्टुलावर ताठ बसलेलं गिऱ्हाईक खोकायला लागायचं आणि बाबा पडद्याकडे तोंड करून ओरडायचे, "अवं, दोन मिनिटं थांब ना! माणूस रडून राह्यला इकडं!" आतून आई शांतपणे म्हणायची, "मंग त्याले म्हणा, जेवूनच जाय." तालुक्यातल्या कित्येकांच्या नोकरीच्या अर्जांवर त्या काळात पाणावलेल्या डोळ्यांचे फोटो गेले असतील. कुणी विचारलं नाही, पण दुःख नव्हतं ते, आमचा ठेचा होता.

प्रिंटरची घरघर, लॅमिनेशनच्या मशीनचा जळका वास, लग्नसराईत दिवसभर वाजणारा फोन, आणि भाकरी थापल्याचा आवाज हे सगळं मला एकाच घराचं वाटायचं. आठवीत असल्यापासून मी कॉम्प्युटरवर अल्बम बसवत होते. नवरीच्या गळ्यातला हार कुठे कापायचा नाही, सासऱ्याचा फोटो किती मोठा ठेवायचा, रुसून बसलेल्या आत्याला कोणत्या पानावर घ्यायचं, हे मला पाठ होतं. पण कॅमेरा घेऊन लग्नात जायचं म्हटलं की बाबा मला फक्त नवरीच्या खोलीपर्यंत नेत. तिथं पुरुष माणूस कसा जाणार, म्हणून. वरात निघाली की कॅमेरा त्यांच्या हातात आणि मी बायकांत.

मग ड्रोन आला. बाबांनी तो पहिल्यांदा उडवला तेव्हा रस्त्यावरच्या दुकानदारांनी शटरं अर्धी सोडून माना वर केल्या होत्या. आता आकाशात ड्रोन दिसला तर चिखलीत कुणी मानही वर करत नाही, पण तेव्हा तो आमच्या घरातला जावई होता. त्याला वेगळं कपाट, वेगळं फडकं. एकदा हिवरा आश्रमच्या उत्सवात जेवणाच्या पंगतींचं चित्रण करताना तो शेजारच्या भेंडीच्या वावरात पडला, तर बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी विचारलं, "बाबा, मले शिकवा ना." ते फडकं फिरवत म्हणाले, "हे खेळणं नाई बाई. अगोदर कुठं तरी रीतसर शीक, मंग पाहू."

मी रीतसर शिकायला गेले, ती अशी. आणि बाबांचं तेच वाक्य पुढे माझ्या रागाचं मूळ झालं. इतकी वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ते वाक्य आठवलं की माझ्या हातातलं काम थांबतं.

दूरच्या एका शहरातल्या विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आमच्या गावात दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरचा मजला, बाहेरून चढणारा लोखंडी जिना, आणि वर फलक: फोटोग्राफी, व्हिडिओ निर्मिती, ड्रोन चालन, इंग्रजी अध्यापन. चार कोर्स, एक जिना. माझी मैत्रीण करुणा उंद्रीहून रोज जीपनं यायची. तिला कॉन्व्हेंटमध्ये लहान मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी हवी होती, म्हणून तिनं इंग्रजी अध्यापन घेतलं. मी ड्रोन घेतला, त्याच्यासोबत फोटोग्राफी आणि व्हिडिओ सक्तीचेच होते. घरी सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. "तिथं काऊन जातं? दुसरं काही पाह्य ना. कॉम्प्युटरचं पाह्य." मी म्हटलं, "तुमीच तर म्हणले, रीतसर शीक." मला वाटलं, मुलगी आहे म्हणून नको म्हणत असतील. आईलाही तसंच वाटलं, आणि ती त्यांच्याशी भांडली. "पोरगी शिकतो म्हणते त तुमच्या काऊन पोटात दुखून राह्यलं?" बाबा पडदा सारून पुढे स्टुडिओत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. एकच. ते बोलले नाहीत.

केंद्रात चारही कोर्सना मिळून एकच सर होते, वाघ सर. पंचविशीचे, कायम घामेजलेले, बुलढाण्याहून एसटीनं येणारे. सकाळी ते फोटोग्राफीचे, अकरा वाजता व्हिडिओचे, जेवणानंतर ड्रोनचे आणि चार वाजता इंग्रजी अध्यापनाचे. भिंतीवर पडद्यावर पानं सरकायची आणि ते ती वाचून दाखवायचे. ड्रोनच्या तासाला आम्ही पंख्याचे भाग पाठ केले, वाऱ्याचे नियम पाठ केले, विमानतळापासून किती दूर उडवायचं ते पाठ केलं. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. ड्रोन कुठं आहे असं विचारलं की ते भिंतीकडे बघत म्हणायचे, "हेड ऑफिसला आहे. परवानगीचं काम सुरू आहे." पुढच्या आठवड्यात बॅटरी यायची असायची. त्याच्या पुढच्या आठवड्यात वारा जास्त असायचा. बाहेर झाडाचं पान हलत नसायचं आणि आम्ही सोळा जण वहीत वाऱ्याचा वेग लिहून घेत असू.

इंग्रजी अध्यापनाच्या तासाला मी कधी कधी करुणाजवळ जाऊन बसायची. इंग्रजी शिकवायला शिकायचं म्हणजे काय, तर आधी आपलं मराठी 'सुधारायचं', असं संचालकांचं मत होतं. संचालक म्हणजे केंद्राचे मालक, पांढरा शर्ट, पांढरे बूट, आणि सगळ्या संस्थांच्या समारंभात पहिल्या रांगेत. ते वर्गात येऊन उभे राहायचे आणि कुणी 'मले' म्हटलं की टाळी वाजवायचे. "मले नाही, मला! 'मले' म्हणणारी बाई उद्या इंग्रजी काय शिकवणार?" सगळे हसायचे. करुणाही हसायची, आणि दुसऱ्याच दिवसापासून ती माझ्याशीसुद्धा 'मला, तुला' असं बोलायला लागली. नवी चप्पल चावते तशी ती भाषा तिला चावत होती, पण तिनं ती काढली नाही. मी तिच्यावर रागावले नाही तेव्हा. तिला नोकरी हवी होती आणि तिच्या घरात तिच्याशिवाय कमावणारं कुणी निघेल अशी चिन्हं नव्हती.

व्हिडिओ निर्मितीचं प्रात्यक्षिक एकदाच झालं. संचालकांच्या पुतण्याचं लग्न होतं, ते आमचं 'प्रोजेक्ट' ठरलं. सोळा जणांनी हळदीपासून पाठवणीपर्यंत उन्हात उभं राहून चित्रण केलं. काहींनी आपापल्या मोबाइलवर, कारण केंद्राचा कॅमेरा एकच होता. शेवटच्या पंगतीला आम्हाला बोलावलं तेव्हा भाजी संपली होती, बुंदी होती. मी घरी येऊन आईला सांगितलं तर तिनं पुढ्यात अंबाडीची भाजी, भाकर आणि कांदा ठेवला आणि म्हणाली, "हे खाय. लोकाच्या घरी राबून उपाशी येते, याले शिक्षण म्हन्तात काय?" बाबा शेजारी बसून जेवत होते. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. मी तेव्हाही काही ओळखलं नाही. एवढे अल्बम बसवणारी मी, माणसाच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली तरी मला कळायची, आणि स्वतःच्या बापाचा चेहरा मला वाचता आला नाही.

मग एक दिवस वाघ सरांनी सांगितलं की विद्यापीठाची समिती येणार आहे. केंद्र चालू ठेवायचं की नाही ते समिती ठरवणार. चार दिवस वर्ग बंद आणि तालीम सुरू. मुलींनी साडी नेसून यायचं, जिन्याच्या वर औक्षण करायचं, मुलांनी पाण्याचे ग्लास धरायचे. प्रश्न कोणते येतील आणि उत्तरं काय द्यायची याचा कागद प्रत्येकाला मिळाला. उत्तरं इंग्रजीत होती. ड्रोनवाल्यांनी म्हणायचं होतं की आम्ही दर आठवड्याला प्रत्यक्ष उडवतो आणि आमचे प्रशिक्षक अनुभवी आहेत. मी विचारलं, "सर, कोणते प्रशिक्षक?" वाघ सरांनी घाम पुसला. "त्या दिवशी येतील ते." "आणि ड्रोन?" "तोही येईल. हेड ऑफिसहून."

मी मूर्ख. मला आनंद झाला. घरी येऊन आईला म्हटलं, ड्रोन येतोय, बहुतेक उडवायलाही मिळेल. आईनं स्वतःची निळी इरकली साडी इस्त्री करून दिली. त्या सकाळी बाबा आमच्या आधीच घरातून बाहेर पडले होते. आई म्हणाली, कुठल्या तरी साखरपुड्याचं काम असेल.

समितीत तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. बाई पुण्याकडच्या, बारीक चष्मा, सुती साडी, बोलणं गोड. आम्ही औक्षण केलं. ड्रोन चालन शिकणाऱ्या आम्ही पाच मुली हातात तबक घेऊन लोखंडी जिन्यावर उभ्या होतो आणि जिना तापून पायाला चटके बसत होते. आत सगळे स्थिरावले, चहा झाला. संचालक उठून म्हणाले, "आता आमचा ड्रोन विभाग." आणि त्यांनी मागच्या दाराकडे हात केला.

मागच्या दारातून बाबा आले.

खांद्यावर आमच्या घरातली काळी बॅग होती. अंगात लग्नातला पांढरा शर्ट, भांग पाडलेला, पायात बूट. बाबांना बूट घालून मी त्यापूर्वी दोनदाच पाहिलं असेल. संचालक म्हणाले, "आमचे मुख्य ड्रोन प्रशिक्षक." बाबांनी समितीला हात जोडले आणि पाठ केलेलं म्हणाले, "गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅडम." त्यांनी बॅग उघडली, फडकं काढलं, ड्रोन टेबलावर ठेवला. त्यांनी सगळ्या खोलीकडे बघितलं, माझ्याकडे एकदाही नाही. पण त्यांचा कान लाल झाला होता. म्हणजे मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी तिथं असणार हे ठाऊक असूनच ते आले होते.

आईनं माझ्या पहिल्या दिवसापासून रोज पहाटे उठून डबा केला होता, आणि त्या डब्याशेजारी बसून हा माणूस चहा पीत होता. तो दर वर्षी समितीसाठी ड्रोन भाड्यानं देत होता, हे नंतर कळलं. पण त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं: "तिथं काऊन जातं", उतरलेला चेहरा, ताटातून वर न आलेली मान.

समितीतल्या बाईंनी कागद चाळला आणि विचारलं, "मुलींमध्ये कोण आहे ड्रोनला?" संचालकांचं बोट नेमकं माझ्याकडे वळलं, कारण माझी साडी सगळ्यांत चांगली होती. बाईंनी इंग्रजीत विचारलं, आतापर्यंत किती वेळा उडवलास. मला उत्तर पाठ होतं. करुणा माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझं मनगट धरलं आणि हळूच दाबलं. बोल, आणि संपव, असा त्याचा अर्थ होता.

मी मनगट सोडवलं. इंग्रजी तर सोडाच, मला 'मला'सुद्धा आठवलं नाही. "मॅडम, हे माहे वडील हायेत. हा ड्रोन आमच्या घरचा हाये, आज भाड्यानं आणला. मले आजपर्यंत कोणं हात लावू देला नाई. इथं कोणीच उडवला नाई. सरानं बी नाई. तुमी विचारा."

बाबांनी टेबलाची कड धरली. वाघ सर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता काही तरी कोसळेल. बाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्मा थोडा खाली केला, आणि हसल्या. खरोखर हसल्या, मायेनं. शेजारच्या सदस्याकडे वळून म्हणाल्या, "किती गोड बोलतात ना या भागातले लोक! अगदी थेट."

संचालकांनी ती फट लगेच पकडली. "मॅडम, वडीलच प्रशिक्षक म्हटल्यावर पोरीची तक्रार असणारच! घरी हात लावू देत नाहीत, इथं ओरडतात." खोली हसली. दोन्ही सदस्य हसले. मुलंही हसली. बाईंनी कागदावर काही लिहिलं, आणि मग जेवणं झाली. पुलाव, पनीर, गुलाबजाम. वाढायला आम्हीच होतो. मी वाढलं नाही, तबक ठेवलं आणि तापलेला जिना उतरले.

माझ्यावर पुढे पुष्कळ अन्याय झाले, कामातले, घरातले. काही मी विसरले. पण त्या बाईंचं ते हसणं मी विसरू शकले नाही. मी खोटं बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं. मी खरं बोलले, तर त्यांना फक्त माझे 'मले' आणि 'देला' ऐकू आले. अजूनही कुणी माझ्या बोलण्याला गोड म्हटलं की मी विचारते, "काय म्हणली मी, ते सांगा अगोदर."

बाबा दुपारी घरी आले तेव्हा मी पडद्याशी उभी होते. त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधीच सुरुवात केली. "चार लोकाइत माही इज्जत काढली तू."

"तुमी माहं वर्ष खाल्लं."

"मी नको म्हणलो होतो तुले!"

"काऊन नको, ते कुठं सांगतलं? मले वाटलं, पोरगी हाये म्हणून नको म्हणून राह्यले. मले तसं वाटू देलं तुमी. ते चाललं तुमाले."

त्यांनी बॅग खाली ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाले की गावातल्या सगळ्या शाळा-संस्थांच्या स्नेहसंमेलनांची कामं त्या संचालकाच्या शब्दावर मिळतात, तो बिनसला तर स्टुडिओला कुलूप लागेल, तुला काय कळतं धंद्यातलं. मी म्हटलं, मला सगळं कळतं, तुमचे अल्बम मीच बसवते. आई चुलीशी होती. तिला तोवर काहीच माहीत नव्हतं, आमच्या ओरडण्यातून तिला तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. तिनं तवा उतरवला, हात धुतले, पदराला पुसले आणि पडद्याशी आली. माझी आई बाबांना कधी नावानं बोलावत नसे, त्या दिवशीही बोलावलं नाही. इतकंच म्हणाली, "मी रोज चार वाजता उठून तिचा डबा करो, अन् तुमी पाहून राह्यले होते. मले तरी सांगायचं होतं, मी झोपली असती." बाबांनी बॅग उचलून कपाटात ठेवली.

निकाल लागला. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, त्यावर प्रात्यक्षिक पूर्ण असा शिक्का होता. माझ्या निकालावर प्रात्यक्षिकाला गैरहजर असं लिहिलं होतं. मी केंद्रात गेले तर संचालकांनी मला खुर्चीही दिली नाही. विद्यापीठाला दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मी वर्गातल्या सगळ्यांकडे गेले, म्हटलं, एका कागदावर सह्या करा, इथं ड्रोन शिकवला नाही एवढंच लिहू. कुणी सही केली नाही. करुणाकडे मी सगळ्यांत शेवटी गेले, उंद्रीला, तिच्या अंगणात. तिला कॉन्व्हेंटमध्ये बोलावणं आलं होतं. तिनं चहा दिला आणि कागद वाचून परत केला. मग ती तिच्या जुन्या बोलीत म्हणाली, "शीतल, तुह्या घरी ड्रोन हाये. तुले खरं बोलनं परवडते. माह्याजवळ हा एक कागदच हाये व." मी तिला भित्री म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. जीपमध्ये बसल्यावर मला कळलं की ती खोटं बोलली नव्हती, आणि त्यामुळे माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. ज्यांनी हे सगळं केलं ते वर पंख्याखाली बसले होते, आणि आम्ही दोघी मैत्रिणी एका अंगणात एकमेकींना ओरबाडत होतो. आम्ही पुढे बोलायला लागलो, पण त्याला फार वर्षं लागली.

बाबांची कामं खरंच गेली. संचालकांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही, स्नेहसंमेलनं दुसऱ्या स्टुडिओकडे गेली. बाबा माझ्याशी तुटक बोलत. एका सकाळी त्यांनी बॅग उचलली, माझ्याकडे न बघता "चाल" म्हणाले, आणि स्कूटरवर मागे बसवून मला सोयाबीन निघालेल्या एका मोकळ्या वावरात नेलं. रिमोट माझ्या हातात दिला. ते वाईट शिक्षक होते, प्रत्येक गोष्टीला ओरडायचे. "वर! वर म्हणलं ना! पाहून राह्यली कुठं?" मीही तेवढ्याच मोठ्यानं उलट ओरडायची. मी त्यांच्याकडून सगळं शिकले, आणि पुढे त्याच कामावर पोट भरलं. पण शिकताना मी रोज वाट बघायची की ते एकदा तरी म्हणतील, चुकलं माझं. त्या वावरात ते म्हणाले नाहीत. आणि मी विचारलं नाही, कारण मागून घेतलेला तो शब्द मला नको होता.

पुढचा प्रवेशाचा हंगाम आला. जिन्याला नवा फलक लागला, त्यावर कुठला तरी वेगळा ड्रोन आणि हसणाऱ्या मुली. मी पाहिलं आणि घरी आले नाही, तिथंच जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले. वर चढणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "अगोदर म्हणा, ड्रोन दाखवा. हातात घेऊन पाहा. उडवून पाहा. मंग फॉर्म भरा." काही थांबायचे, काही मला वेडी समजून पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी संचालकांनी शिपायाला पाठवलं. तो म्हणाला, "ताई, इथं उभं राहू नका." मी म्हटलं, "रस्ता कोणाचा हाये?" तिसऱ्या दिवशी वाघ सर खाली आले, माझ्याजवळून जाताना थांबले. मला वाटलं, काही तरी म्हणतील. ते घड्याळ बघून एसटी स्टँडकडे गेले.

चौथ्या दिवशी एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला, मेहकरकडचा असावा. माझं ऐकून तो चिडला. "तू कोन सांगनारी? तुले पास नाई केलं म्हणून तू दुसऱ्याच्या पोरीचं नुकसान करून राह्यली. मले माहीत हाये, वरच्या साहेबानं सांगतलं मले." मुलगी खाली मान घालून उभी होती, हातात फॉर्मची पिशवी. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. गैरहजर असं लिहिलेला एक कागद, आणि माझा शब्द.

मागे स्कूटर थांबली. बाबा होते, खांद्याला बॅग. स्टुडिओतल्या रोजच्या शर्टात, पायात चपला. ते सरळ त्या माणसाच्या समोर जाऊन उभे राहिले, बॅग उघडली आणि ड्रोन त्याच्या हातात दिला.

"हे मशीन माहं हाये भाऊ. वर जे दाखवतात ते असंच कोणाचं तरी आणतात. तपासनीवाले आले का मी नेऊन देत होतो. मागच्या टाइमाला मास्तर बनून बी उभा राह्यलो." त्यांचा कान लाल झाला होता. आवाज मोठा होता, दुकानांपर्यंत जाईल इतका. "हे माही पोरगी हाये. हिच्यासमोर खोटं बोललो मी. तुह्या पोरीसमोर नाई बोलनार."

तो माणूस ड्रोन हातात धरून कधी बाबांकडे, कधी माझ्याकडे बघत होता. वरून संचालकांनी कठड्यावर वाकून कुणाला तरी हाक मारली. जिन्यावर चढलेली दोन मुलं अर्ध्यात थांबली. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझा राग गेला नव्हता, तो आजही पुरता गेलेला नाही. पायथ्याशी सावलीचा एकच पट्टा होता. मी भिंतीकडे सरकले आणि त्यांना उभं राहायला जागा केली.